ताक विकायचं नसतं

आमच्या वाडीत दूध विकत, लोणी विकत, शेणाच्या गोवऱ्याही विकत. ताक मात्र कुणी विकत नसे. ताकाचे पैसे घेतले की गाय लाथ मारते, असं जुनी माणसं सांगायची. गाय तशीही लाथ मारतेच, हा भाग वेगळा. पण लहानपणापासून कानावर पडलेलं खरं की खोटं, हे कुणी तपासायला जात नाही.

वाडी म्हणजे यशवंतपूर स्टेशनाच्या पलीकडे, तुमकूर रस्त्याच्या अंगाला असलेली मराठ्यांची पंधरा-वीस घरं. आमचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. तो सरदार कोण, यावर प्रत्येक घराचं मत वेगळं होतं आणि सणासुदीला जेवणं झाली की त्यावरून वादही होत. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि गुरांशी बोलताना दोन्हींची खिचडी. बंगळूर काही फार लांब नव्हतं, पण आमची माणसं 'शहरात जाऊन येतो' असं म्हणायची ती काशीला निघाल्यासारखी.

मी या घरातली धाकटी सून, तानूबाई. माझी थोरली जाऊ भागुबाई. तिला सगळी वाडी अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणे. तिचे यजमान आप्पाजी, म्हणजे आमचे अण्णा, घरचे कर्ते. माझ्या नवऱ्याबद्दल, रघुजीबद्दल, सांगण्यासारखं फारसं नाही. थोरला भाऊ बोलला की 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणायचं, हे त्यांचं जन्माचं काम, आणि ते त्यांनी मन लावून केलं.

पहाटे अक्का डेऱ्यावर बसली की घुसळण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. उजाडेपर्यंत दारात भांडी लागत. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. आमच्या दारात कुणाला लपवायची गरजच पडली नाही. दूध मागायला माणसाला लाज वाटते, लोणी मागायला तर जीभच उचलत नाही, पण ताक मागण्यात काही कमीपणा नव्हता. रेल्वे लायनीजवळच्या झोपड्यांतल्या बाया येत, शेजारच्या मल्लाप्पाची म्हातारी आई येई, कुणाकडे पाहुणे आले तर चांगल्या घरची माणसंही येत. परत कुणी रिकामं गेलं नाही. कमी पडलं तर अक्का पाणी वाढवी आणि मीठ टाकी.

आणखी एक रीत होती. घरातून दुधातुपाचं भांडं बाहेर गेलं, तर ते परत येताना कोरडं यायचं नाही. घेणाऱ्यानं त्यात मूठभर नाचणी टाकायची, ती नसली तर घोटभर पाणी तरी ठेवायचं. भांडं कोरडं आलं की घरातलं दूध आटतं. ही रीत गरीब-श्रीमंत सगळे पाळत, कारण त्यात पाण्याशिवाय काही खर्च नव्हता.

लायनीजवळून येणाऱ्या बायांमध्ये सकवारबाई सगळ्यांत आधी यायची. तिचं जर्मनचं पातेलं सगळ्यांत मोठं होतं आणि त्याला चार ठिकाणी पोचे होते. मालधक्क्यावर रेल्वेच्या वाघिणी रिकाम्या झाल्या की खाली सांडलेलं धान्य झाडायचं, पाखडायचं, हे तिचं काम. नवरा हमाल, तो घरी कधी येईल ते त्याचं त्यालाच माहीत. तिचं जेवण म्हणजे नाचणीचा मुद्दा, शिजवलेल्या पिठाचा गोळा, आणि तो बुडेल एवढं ताक. अक्काला ती फार आवडायची. म्हणायची, "ही बाई पातेलं पुढं करते तेव्हा माझ्या तोंडाकडं बघते. बाकीच्या ताकाकडं बघतात." सकवारचं पहिलं मूल जन्मून महिन्याभरात गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते, आणि अक्का न बोलता तिच्या पातेल्यात वरचं दाट ताक ओतायची.

पन्नास साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा कंपनी आली. शहरातल्या कुणा बड्या लोकांनी यशवंतपूरला कारखाना काढला. तिथं कागदात गुंडाळलेलं लोणी तयार व्हायचं, आणि बाळांसाठी डब्यातली दुधाची पावडर. आमच्याकडे कंपनीचा माणूस आला तो कृष्णमूर्ती. कोवळा पोरगा, सायकलवरून येई, दाराबाहेर चपला काढून बसे आणि दिलेलं पाणी पूर्ण पिऊन टाकी. त्याच्यावर रागावणं कठीण होतं. मी पुष्कळदा प्रयत्न केला.

तो कानडीत सांगे आणि सगळ्यांना पटे. गाडी रोज सकाळी दारात येईल. लोणी डोक्यावर घेऊन शहरात चिकपेटेतल्या विठ्ठलरावांच्या दुकानी जायला नको, तिथं वास घेऊन घेऊन नाक मुरडणं ऐकायला नको. जनावर आजारी पडलं तर डॉक्टर येईल. अट एकच, दूध सगळं द्यायचं. चहापुरतं ठेवा, पण घरी घुसळायचं नाही. कारण दुसरीकडे लोकांनी साय काढून घेऊन खालचं दूध कंपनीच्या माथी मारलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कंपनीनं तर ताकच बंद करायचं ठरवलं. म्हणून प्रत्येक घरानं आपली रवी कंपनीकडे जमा करावी, असं त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं.

पुरुषांना गंमत वाटली. जन्मात कधी रवीला हात न लावलेल्यांनी त्या उचलून आणून दिल्या. बायकांना कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणी खूशच होत्या. पहाटे उठून दोरी ओढायची हौस कुणाला असते? मलाही नव्हती. अक्कानं मात्र माळ्यावरची, एक पाकळी तुटलेली जुनी रवी काढून दिली आणि रोजची रवी लाकडांच्या मोळीत खोचून ठेवली. अण्णांना ते कळलं नाही. चुलीजवळची कुठलीच गोष्ट त्यांना कळत नसे.

पहिले काही दिवस बाया भांडी घेऊन येत राहिल्या. अक्का दारात उभी राहून सांगे, की आता ताक नाही, दूध कंपनीला जातं. सांगताना तिचा आवाज इतका बारीक होई की मल्लाप्पाच्या आईला ते तीनदा सांगावं लागलं. मग भांडी यायची थांबली. पहाट एकदम शांत झाली. अण्णांना ती शांतता आवडली. मला झोप मिळाली. अक्का आपल्या वेळेला उठून बसे आणि हातात काही नाही म्हणून वाती वळत राही. देवाला वर्षभर पुरतील एवढ्या वाती तिनं वळल्या.

तिला आणखी एक गोष्ट खुपत होती, ती म्हणजे कंपनीचे कॅन. सकाळची गाडी भरलेला कॅन नेई आणि कालचा धुतलेला ठेवून जाई. तो वाफेनं धुतलेला, उलटा करून वाळवलेला, आत बोट फिरवलं तर चरचर वाजेल इतका कोरडा. अक्कानं कृष्णमूर्तीला एकदा सांगून पाहिलं, की बाबा, आत घोटभर पाणी तरी ठेवून पाठव, असं कोरडं भांडं दारात आणू नये. तो हसला, पण चांगलं हसला. म्हणाला, पाण्यात जंतू वाढतात अक्का, म्हणूनच तर वाफ देतो. जंतू वाढतात आणि गाय आटते, यातलं वाईट काय, हे तिला विचारायचं होतं, असं ती मला नंतर म्हणाली.

सकवार बाळंत झाली. मुलगा झाला. सव्वा महिन्यानं ती पोराला पाठीशी बांधून पुन्हा मालधक्क्यावर जाऊ लागली. मी एकदा तिला वाटेत भेटले तर ओळखूच आली नाही. ओठांच्या दोन्ही कडा चिरल्या होत्या आणि हसायला गेली की रक्त येत होतं. म्हणाली, मुद्दा कोरडा उतरत नाही, पाण्यात कालवून गिळते. अंगावर दूध येत नाही, पोर ओढून ओढून रडतं. हे सगळं ती अशी सांगत होती, जणू काही चूक तिचीच.

अक्काला सांगितलं तेव्हा ती चटकन उठली आणि चहाचं राखलेलं दूध तांब्यात ओतून लायनीकडे गेली. सकवारनं ते घेतलं, पण अवघडून घेतलं. दोन दिवसांनी तिनंच नको म्हटलं. पोराला वरचं दूध पचलं नव्हतं, उलट्या झाल्या होत्या. दवाखान्यातल्या नर्सबाईनं रागावून सांगितलं होतं की गाईचं दूध लहानग्याला जड, डब्यातलं द्या. डब्यावर गुबगुबीत पोराचं चित्र होतं. नवऱ्यानं कधी नव्हे तो एक डबा आणून दिला होता, आणि सकवार त्या चित्राकडे बघून बघून पोराला पाजत होती. तरी अक्का म्हणाली की डबा संपला की पुढं काय? आईच्या अंगावर दूध यायला पाहिजे, आणि त्यासाठी आईच्या पोटात काही गेलं पाहिजे.

मग लाकडांच्या मोळीतली रवी बाहेर आली. संध्याकाळच्या दुधातलं तांब्याभर अक्का विरजायला लागली आणि दुपारी पुरुष शेताकडे गेले की छोट्या मडक्यात, आवाज न करता, हातानं घुसळायला लागली. चोरून काय करावं तर ताक करावं. मी दाराशी बसून राखण करायची आणि कुणी आलं तर मोठ्यानं खोकायची. त्या दिवसांत माझ्या खोकल्यासाठी रघुजींनी दोनदा काढा आणून दिला.

ताक घेऊन अक्का स्वतः लायनीकडे जाई. सकवार ते उभ्या उभ्या पिई आणि तांब्या विसळून, तळाशी पाणी ठेवून परत देई. हळूहळू तिच्या ओठांच्या चिरा भरायला लागल्या. एक दिवस ती लाजत म्हणाली की आज पोर रडलं नाही, थोडं आलं असावं. अक्का घरी आली ती गाणं गुणगुणत. अक्काला गाणं येत नाही, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

आणि नेमकं तेव्हाच आमची कपिली गाय दूध कमी द्यायला लागली. ती गाभण होती, आटणारच होती; हे अक्कालाही कळत होतं. पण कळणं एकीकडे आणि मनातली धास्ती एकीकडे. कपिली आटली तर घरचं दूध कमी पडेल, कंपनीचा कॅन भरायचा नाही, आणि मग सकवारचं तांब्याभर कुठून काढायचं? तिनं त्या चरचरीत कोरड्या कॅनकडे बघितलं. आत पाणी शिंपडावं असं तिच्या मनात आलं. पण मग वाटलं, पाणी विहिरीचं, सगळ्यांचं. गाईला राखायचं तर घरचंच काही पाहिजे. तिनं ताकात हात बुडवला आणि कॅनच्या आत चार बाजूंना शिंतोडे उडवले. वर हात जोडले. मग संध्याकाळचं कोमट दूध त्यात ओतलं आणि झाकण लावलं.

रात्रभरात जे व्हायचं ते झालं. सकाळी गाडीवाला घाईत होता, त्यानं झाकण न उघडताच कॅन उचलला आणि कारखान्यात तो सगळ्या गावांच्या दुधाबरोबर टाकीत रिता केला. टाकी तापली तेव्हा सगळं फाटलं.

कृष्णमूर्ती त्या दिवशी सायकलवर नाही, जीपमधून आला. चेहरा उतरला होता. पारावर सगळी वाडी जमली. कुणी म्हणालं शेजारच्या गावानं डाव साधला, मल्लाप्पा म्हणाला आपल्यावर जळणारे पुष्कळ आहेत. जळण्यासारखं आमच्याकडे काय होतं ते त्यालाच ठाऊक. अण्णा छातीवर हात ठेवून सांगत होते की आमच्या घरातून असं होणं शक्य नाही. तेव्हा अक्का बायकांतून पुढे झाली.

"मी घातलं," ती म्हणाली. "चार शिंतोडे ताक. तुमचा कॅन रोज कोरडा येतो. माझी गाय आटायला लागली."

मला वाटलं आता कृष्णमूर्ती गाईबद्दल काही बोलेल. अगदी हळू आवाजात त्यानं एवढंच विचारलं, "अक्का, ताक आलं कुठून?"

अण्णांचा हात छातीवरून खाली आला.

वरून आलेला हुकूम त्यानं सांगितला. भागुबाईनं उद्या स्वतः कारखान्यात येऊन रवी जमा करावी. नाही तर गाडी या वाडीत कुठल्याच दारात थांबणार नाही. हे ऐकल्यावर लोक आमच्याकडे ज्या नजरेनं बघायला लागले, ती नजर मी विसरलेले नाही. कारण परतीची वाट कुणालाच नव्हती. चिकपेटेत विठ्ठलरावांच्या दुकानी आता घरचं लोणी कुणी घेत नव्हतं. त्यांनी स्वतःच कंपनीची पाटी लावली होती आणि कागदातलं लोणी फळीवर रचलं होतं. गिऱ्हाइकाला तेच पाहिजे, ते म्हणत.

अण्णा घरी येऊन ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "भागू, एक बाई जगवायला निघालीस ते ठीक. पण या वाडीची चूल त्या गाडीवर चालते."

अक्का म्हणाली, "ते बी खरंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चालत यशवंतपूरला गेलो. रवी धडप्यात गुंडाळलेली, आणि वाटेत पाणी प्यायला एक तांब्या. कारखान्याची मागची भिंत लागली तेव्हा अक्का थबकली. नाक वर करून तिनं वास घेतला. भिंतीखालून एक गटार बाहेर येत होतं आणि त्यातून पांढरं पाणी वाहत होतं. पुढे खड्ड्यात साचलं होतं, त्यावर माश्या घोंगावत होत्या आणि दोन डुकरं तोंड घालून उभी होती. फाटकावरच्या राखणदाराला विचारलं तर तो सहज म्हणाला, मज्जिगे. यंत्रात लोणी निघतं, ते खाली उरतं. रोजच वाहतं.

मज्जिगे म्हणजे ताक. पंधरा-वीस गावांचं ताक. अक्का गटाराशी किती वेळ उभी होती कोण जाणे. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

आत कृष्णमूर्तीच्या टेबलावर तिनं रवी ठेवली. शेजारी तांब्या ठेवला.

"रवी घ्या," ती म्हणाली. "आणि मी ताक मागायला आलेय. भांडं आणलंय."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. लायनीवरच्या बाईचं तिनं त्याला सगळं सांगितलं. तिचं दूध, तिचं पोर. आम्हाला बसवून तो साहेबांकडे गेला. बऱ्याच वेळानं आला आणि उभ्यानंच बोलला. ताक विकायचं तर त्याचा दर ठरलेला नाही. फुकट द्यायचं तर तसा नियम नाही. आणि आज एकीला दिलं तर उद्या फाटकावर रांग लागेल, असं साहेब म्हणाले.

"लागू द्या की," अक्का म्हणाली. "आमच्या दारात रोज लागायची."

तो कपाटाकडे गेला आणि पावडरीचा एक डबा काढून आणला. कामगारांना घरी न्यायला मिळतो तो, त्याच्या वाट्याचा. म्हणाला, त्या बाळाला द्या. मग त्याला काही तरी आठवलं. त्यानं टेबलावरचा तांब्या उचलला, बाहेर नळावर नेला, विसळला आणि तळाशी घोटभर पाणी ठेवून दोन्ही हातांनी अक्काला दिला. "कोरडं जायला नको ना, अक्का," तो म्हणाला.

फाटकाबाहेर आल्यावर मी म्हटलं, ते पाणी त्या गटारात ओत. अक्का म्हणाली, पोरानं मनापासून दिलंय गे, असं करू नये. एवढ्या वाटेवर तिनं ते न सांडता आणलं आणि कपिलीच्या गव्हाणीत ओतलं. डबा तसाच लायनीकडे पोचता केला. सकवारनं तो डोक्याला लावला. इतका मोठा डबा तिनं दुकानातही पाहिला नव्हता.

गाडी पुन्हा यायला लागली. वाडी आमच्याशी पुन्हा बोलायला लागली. अक्का मात्र लायनीकडे जायची टाळायला लागली, कारण हातात न्यायला काही नव्हतं. डब्यावर तिचा भरवसा होता. आता पोर बाळसं धरेल, त्या चित्रासारखं होईल, असं ती म्हणे.

एका सकाळी, पूर्वी ताकाची भांडी यायची त्या वेळेला, सकवार दारात उभी होती. हातात डबा होता. पुसून लखलखीत केलेला, झाकण घट्ट लावलेला.

"अक्का, डबा परत आणलाय," ती म्हणाली. "रिकामा नाही आणला."

अक्कानं झाकण उघडलं. पावडर अर्ध्याच्या वर होती. आम्ही दोघीही आधी डब्यातच बघत राहिलो. मग मी वर बघितलं. सकवारच्या पाठीला पोर नव्हतं.

तिनं सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. ती पुन्हा मुद्दा पाण्याशी गिळत होती, आणि अंगावर आलेलं थोडंसं दूध गेलं ते गेलंच. डबा संपला की दुसरा आणायची ऐपत नव्हती, म्हणून ती पहिल्यापासून चिमूटभर पावडर तांब्याभर पाण्यात कालवत होती. पाणी पांढरं दिसे, पोर पिई आणि निजे. रडत नव्हतं, म्हणून तिला वाटलं पोट भरलंय. मग जुलाब लागले. तिनं जपून जपून वापरलं होतं, म्हणून इतकं उरलं. वाया घालवलं नाही, असं ती अक्काला पटवून देत होती.

त्या वेळी मला कुणाला तरी धरून मारावंसं वाटलं. कुणाला, ते मला आजही सांगता येत नाही. कृष्णमूर्तीनं चांगलंच केलं होतं, नर्सबाईनंही, अण्णांनीही. सगळ्यांनी चांगलंच केलं होतं.

अक्कानं डबा खाली ठेवला. सकवारला हाताला धरून ओसरीवर बसवलं. गाडीची वाट बघत भरलेला कॅन दारात उभा होता, आणि अण्णा नि रघुजी शेजारीच होते. तिनं झाकण काढलं, तांब्या आत बुडवला, भरून काढला आणि आत जाऊन चुलीवर ठेवला. अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. रघुजींनी, कुणी काही म्हटलं नव्हतं तरी, 'सरी' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती मडकं घेऊन ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसली. रवी नव्हती, म्हणून बांबूचं टोक चिरून घेतलं होतं. गाडी आली, तिच्यात कृष्णमूर्ती बसला होता. त्यानं घुसळणारी अक्का बघितली, ओसरीवर बसलेली सकवार बघितली. अक्कानं हात थांबवला नाही. तो उतरला, कॅन स्वतः उचलून गाडीत ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. पुढेही तो कधी काही बोलला नाही, आणि आमचा कॅन रोज तांब्याभर कमीच गेला.

सकवार रोज यायची. तिच्या अंगावर दूध यायचं आता काही कारण उरलं नव्हतं. तरी अक्का तिच्या पातेल्यात वरचं दाट ताक ओतायची, आणि ती तिथंच बसून सगळं प्यायची.